गाडीचा खरा खर्च किती? खरेदीपासून विक्रीपर्यंतचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेताना आपण किमतीवर घासाघीस करतो आणि घेतल्यावर इंधनाच्या भावाकडे डोळे लावून बसतो. या दोन्हींच्या मधे जो पैसा जातो त्याची नोंद सहसा कुठेच होत नाही. ती करता यावी म्हणून ही प्रश्नोत्तरं. चलन आणि भाव ठिकठिकाणी वेगळे असतात, त्यामुळे सगळीकडे नव्या गाडीची हातात पडेपर्यंतची किंमत १०० धरली आहे. पुढे ‘खर्च ८’ असं आलं तर किमतीच्या ८ टक्के असं समजावं. उदाहरणांतले आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत, त्या जागी स्वतःचे घाला.

एकूण खर्चात नेमकं काय काय धरायचं?

तीन गठ्ठे करा. पहिला मालकीचा: गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत म्हणजे घसारा, कर्जाचं व्याज, विमा, नोंदणी, कर, गाडी ठेवण्याच्या जागेचं भाडं. गाडी जागची हलली नाही तरी हे चालूच राहतं. दुसरा धावण्याचा: इंधन किंवा वीज, इंजिन ऑइल, टायर, ब्रेक पॅड, टोल. तिसरा अवचित येणारा: अपघातानंतरची दुरुस्ती, विम्यातून न सुटलेली रक्कम, दंड, गाडी ओढून नेण्याचे पैसे, ती गॅरेजमध्ये असताना केलेला दुसरा प्रवास.

लोकांचा अंदाज चुकतो तो पहिल्या गठ्ठ्यात. जर्मनीतल्या गाडीमालकांची एक मोठी पाहणी २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आली होती. इंधनावर किती जातं हे लोकांनी बऱ्यापैकी बरोबर सांगितलं, पण घसारा, दुरुस्ती, कर आणि विमा खूपच कमी धरले. इंधनाचे पैसे आपण पंपावर स्वतःच्या हाताने देतो, म्हणून ते लक्षात राहतात. घसाऱ्याची पावती कोणी देत नाही.

यातला सर्वांत मोठा खर्च कोणता?

नवी गाडी असेल तर पहिल्या पाच-सहा वर्षांत बहुधा घसाराच. अमेरिकेतली ‘एएए’ ही वाहनचालकांची संघटना १९५० पासून गाडीच्या खर्चाचा वार्षिक हिशेब प्रसिद्ध करते. पाच वर्षं आणि वर्षाला १५,००० मैल असं गृहीत धरलेल्या तिच्या अलीकडच्या हिशेबांत घसारा पहिल्या क्रमांकावर असतो.

समजा किंमत दरवर्षी उरलेल्या रकमेच्या १५ टक्क्यांनी उतरते. १०० ची गाडी वर्षाने ८५, दोन वर्षांनी ७२, तीन वर्षांनी ६१, पाच वर्षांनी ४४ आणि दहा वर्षांनी साधारण २० ची राहील. आता वर्षावर्षाचा तोटा पाहा: पहिल्या वर्षी १५, दुसऱ्या वर्षी १३ च्या आसपास, पाचव्या वर्षी ८, दहाव्या वर्षी जेमतेम साडेतीन. गाडी तीच, काम तेच, पण दहावं वर्ष पहिल्या वर्षाच्या पावपट तोट्यात निघतं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाची घसरण १५ टक्क्यांपेक्षा जास्तही असते, कारण नोंदणी, कर आणि विक्रेत्याचा नफा यांतलं फारसं काही पुढचा गिऱ्हाईक तुम्हाला परत देत नाही.

या एका गणितात गाडीच्या खर्चाचं बहुतेक मर्म आहे असं मला वाटतं. दर पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याचा दहा वर्षांतला घसारा ५६ अधिक ५६, म्हणजे ११२. एकच गाडी दहा वर्षं वापरणाऱ्याचा ८०. फरक ३२ चा. जुन्या गाडीवर पुढच्या पाच वर्षांत नव्या गाडीपेक्षा ३२ ने जास्त दुरुस्ती झाली तरच दोघं बरोबरीत येतात. नीट सांभाळलेल्या गाडीवर इतका खर्च सहसा होत नाही, शिवाय जुन्या गाडीचा विमाही स्वस्त पडतो.

सगळ्या गाड्या एकाच वेगाने उतरत नाहीत. जिचे स्पेअर पार्ट कुठेही मिळतात आणि जी कोणताही मेकॅनिक उघडू शकतो, तिला जुन्या बाजारात मागणी टिकते. मोठ्या आलिशान गाड्या आणि उत्पादन बंद झालेली मॉडेलं झपाट्याने पडतात. घेण्याआधी त्याच मॉडेलच्या पाच वर्षं जुन्या गाड्या आज कितीला जातात, हे जरूर पाहा. तुमच्या पाच वर्षांच्या घसाऱ्याचा याहून चांगला अंदाज दुसरीकडे मिळणार नाही.

दर किलोमीटरचा खर्च कसा काढायचा?

वर्षभराचा मालकीचा खर्च आणि धावण्याचा खर्च वेगवेगळा लिहा, बेरीज करा आणि वर्षातल्या किलोमीटरने भागा.

समजा घसारा वर्षाला ११, विमा, कर आणि जागा मिळून ५, म्हणजे मालकीचे १६. इंधन, टायर आणि सर्व्हिसिंग मिळून दर १०,००० किलोमीटरला ८. वर्षाला ५,००० किलोमीटर फिरलात तर एकूण २०, म्हणजे हजार किलोमीटरला ४. दहा हजार फिरलात तर एकूण २४, हजाराला २.४. वीस हजार फिरलात तर ३२, हजाराला १.६. जास्त धावलेल्या गाडीची किंमत थोडी अधिक उतरते, पण चित्र फार बदलत नाही.

माझं फिरणं कमी आहे, म्हणजे मला गाडी स्वस्तात पडते ना?

वर्षाचा खर्च कमी होतो, पण प्रत्येक फेरी महाग पडते. वरच्या उदाहरणात ५,००० किलोमीटरवाल्याचा दर वीस हजारवाल्याच्या अडीचपट आहे. फिरणं फारच कमी असेल तर भाड्याची गाडी, टॅक्सी आणि सार्वजनिक वाहतूक यांची बेरीज स्वतःच्या गाडीच्या वर्षाच्या एकूण खर्चाशी एकदा ताडून पाहा. नुसत्या इंधनाशी तुलना करू नका. टॅक्सीच्या भाड्यात मालकाचा घसारा, विमा, टायर सगळं आलेलं असतं, म्हणून ते नुसत्या इंधनापेक्षा नेहमीच महाग दिसणार.

घरात आजारी माणूस असेल, रात्री-अपरात्री निघावं लागत असेल किंवा जवळपास दुसरं वाहन नसेल, तर महाग पडणारी गाडीही योग्य असू शकते. तिची किंमत मात्र माहीत असावी.

कर्ज किती वर्षांचं घ्यावं? लांब मुदतीचा हप्ता सोपा वाटतो.

हप्ता सोपा होतो आणि गाडी महाग होते. पूर्ण १०० चं कर्ज, घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, वार्षिक १० टक्के व्याज धरू. तीन वर्षांत फेडलं तर एकूण ११६ जातात, पाच वर्षांत सुमारे १२७.५ आणि सात वर्षांत सुमारे १३९.५. पाच वर्षांचा महिन्याचा हप्ता २.१२, सातचा १.६६. महिन्याला जेमतेम अर्धा वाचवण्यासाठी शेवटी १२ जास्त मोजायचे.

याहून मोठा धोका दुसरा आहे. सात वर्षांच्या कर्जात दोन वर्षांनंतरही ७८ देणं बाकी असतं आणि गाडीची किंमत तोवर ७२ किंवा त्याच्याही खाली आलेली असते. त्या वेळी नोकरी गेली, गाव बदललं किंवा अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली, तर गाडी विकून किंवा विम्याचे पैसे भरूनही कर्ज फिटत नाही. डाउन पेमेंट भरपूर ठेवायचं ते यासाठी. देणं नेहमी गाडीच्या किमतीखाली राहिलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट कागदावर सही करण्याआधी विचारा: व्याज घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट? १० टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षं मूळ रकमेवर व्याज, एकूण ५०. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर १७ टक्क्यांच्या वर जातो. दोन कर्जांची तुलना करायची तर दराच्या आकड्यावर जाऊ नका. सगळे हप्ते, प्रक्रिया शुल्क आणि कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा यांची बेरीज करा आणि त्या बेरजा शेजारी ठेवा.

रोखीने घेतली तर व्याजाचा प्रश्नच नाही, बरोबर?

व्याज द्यावं लागत नाही, पण गाडीत घातलेला पैसा ठेवीत असता तर मिळालं असतं ते व्याज बुडतं. ते मालकीच्या खर्चात धरा. तरीही कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारणपणे जास्तच असतो, म्हणून अडीअडचणीची गंगाजळी हातची न घालवता रोखीने घेता येत असेल तर तेच बरं.

ॲव्हरेजला किती महत्त्व द्यावं?

भरपूर फिरणाऱ्याने खूप, कमी फिरणाऱ्याने थोडं. आणि किलोमीटर प्रति लिटर हा आकडा जरा फसवा आहे. लिटरला १० वरून १२ वर गेलात तर १०० किलोमीटरला १० ऐवजी ८.३ लिटर लागतं, म्हणजे १.७ लिटरची बचत. २० वरून २४ वर गेलात तर ५ ऐवजी ४.२, बचत फक्त ०.८. दोन्हीकडे सुधारणा २० टक्क्यांची आहे, पण पहिल्यात वाचलेलं इंधन दुप्पट. म्हणून घरात दोन गाड्या असतील तर जास्त पिणारी गाडी आधी बदलण्यात किंवा कमी वापरण्यात खरा फायदा.

तुलना नेहमी वर्षाच्या लिटरमध्ये करा. वर्षाला १५,००० किलोमीटर आणि ॲव्हरेज १५ असेल तर १,००० लिटर, २० असेल तर ७५० लिटर. वर्षाला २५० लिटरचे पैसे आणि दोन गाड्यांच्या किमतीतला फरक समोरासमोर ठेवले की निर्णय सोपा होतो.

सांगितलेला ॲव्हरेज मला मिळत नाही. गाडीत दोष आहे का?

बहुधा नाही. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत, ठरलेल्या वेगांवर, ठरलेल्या तापमानात मोजलेला असतो. युरोपात २०१७ पासून एनईडीसी या जुन्या चाचणीच्या जागी डब्ल्यूएलटीपी ही अधिक कडक चाचणी आली, ती याच तफावतीमुळे. तरी रहदारी, चढ, एसी आणि पायाची सवय कोणत्याही चाचणीत पूर्ण उतरत नाही.

आपला ॲव्हरेज मोजायची खात्रीची रीत जुनीच आहे: टाकी फुल्ल करा, किलोमीटरची नोंद घ्या, नेहमीसारखी गाडी चालवा, पुन्हा फुल्ल करा, झालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. असं तीन-चार वेळा करून सरासरी घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा थोडा गोड बोलतो.

मिळणारा ॲव्हरेज वाढवायचा असेल तर आधी वेगाकडे पाहा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेलं की तो पावणेदोन पटीच्या वर जातो. त्यानंतर टायरमधली हवा, छतावरचा रिकामा कॅरियर, उगाच चालू ठेवलेलं इंजिन आणि झटक्याने वेग घेऊन लगेच ब्रेक मारण्याची सवय. समोरचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढणारा चालक इंधन वाचवतो आणि ब्रेक पॅडही. यासाठी एक पैसा लागत नाही.

डिझेल घ्यावी की पेट्रोल?

जास्तीची किंमत भागिले दर किलोमीटरची बचत. डिझेल गाडी १२ ने महाग असेल आणि दर १०,००० किलोमीटरला २ वाचत असतील, तर ६०,००० किलोमीटरनंतर फायदा सुरू होतो. वर्षाला ६,००० फिरणाऱ्याला त्यासाठी दहा वर्षं लागतील. शिवाय आधुनिक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिन पुरेसं तापून काही काळ सलग चालावं लागतं. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर तो तुंबतो आणि दुरुस्ती महागात जाते. छोट्या फेऱ्यांच्या माणसाने डिझेल घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

इलेक्ट्रिक गाडी शेवटी स्वस्त पडते का?

घरी चार्ज करता येत असेल आणि फिरणं चांगलं असेल तर बहुतेक वेळा धावण्याचा खर्च बराच कमी होतो. इलेक्ट्रिक मोटर मिळालेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग चाकापर्यंत पोहोचवते, पेट्रोल इंजिनात निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन जाते. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला १०० किलोमीटरला साधारण १५ ते २० युनिट लागतात. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, तीही धरा. मग तुमच्या युनिटचा दर एका बाजूला आणि १०० किलोमीटरला लागणाऱ्या पेट्रोलचे पैसे दुसऱ्या बाजूला मांडा. हाच हिशेब सार्वजनिक फास्ट चार्जरच्या दराने करून पाहिलात तर बचत कधी कधी अगदीच थोडी उरते. म्हणून गाडी ठरवण्याआधी चार्जिंगची जागा ठरवा.

इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, क्लच हे खर्च येत नाहीत. मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक पॅड जास्त टिकतात. उलट गाडी जड आणि जोर तात्काळ मिळणारा, म्हणून टायर लवकर झिजू शकतात.

बॅटरीची भीती बऱ्याच जणांना असते. अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत बॅटरीची हमी देतात आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर ती लागू होते. तुमच्या गाडीच्या हमीपत्रात नेमके शब्द काय आहेत ते वाचा. किंमत उतरण्याचा वेग हा यातला खरा अनिश्चित भाग आहे. तंत्र भराभर बदलत असताना जुनं मॉडेल लवकर जुनाट ठरतं, म्हणून इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने ती लांब काळ वापरण्याच्या तयारीने घ्यावी किंवा दोन-तीन वर्षं वापरलेली शोधावी.

गाडी नीट चालते आहे. सर्व्हिसिंग थोडी पुढे ढकलली तर चालेल का?

नाही. इथे वाचवलेला पैसा मोठ्या बिलाने परत जातो आणि ते बिल टाळता येण्यासारखं असतं, म्हणून मला या प्रश्नाची जास्त तळमळ आहे.

इंजिन ऑइल नुसतं वंगण नसतं. ते इंजिन थंड ठेवायला मदत करतं आणि जळणातली घाण धरून ठेवतं. जुनं झालं की त्याचा गाळ होतो, बारीक वाटा बुजतात आणि वरच्या भागांना तेल पोहोचत नाही. बऱ्याच आधुनिक गाड्यांत ऑइल १०,००० ते १५,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलायचं असतं. ‘वर्षाला’ हा शब्द कमी फिरणाऱ्यांनी वगळू नये. छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, त्यामुळे पाण्याचा अंश आणि थोडं इंधन ऑइलमध्ये मिसळत राहतं.

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, तीच गोष्ट. एक रबरी पाइप तडकतो, कूलंट गळतं, तापमानाचा काटा वर चढतो आणि ‘घर जवळच आहे’ म्हणून माणूस गाडी तशीच दामटतो. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं सील जातं, कधी ते झाकण (सिलिंडर हेड) वाकतं आणि पाइपाच्या किमतीचं काम इंजिन उघडण्यावर येतं. काटा लाल पट्ट्याकडे गेला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. त्या क्षणी यापेक्षा स्वस्त उपाय दुसरा नाही.

टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा. तो असलेल्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. बेल्ट तुटण्याआधी कसलाही आवाज देईलच असं नाही. तो कधी बदलायचा ते पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं दोन्हींत दिलेलं असतं. काही गाड्यांत बेल्टऐवजी साखळी असते, तिचं आयुष्य जास्त असतं पण तीही स्वच्छ ऑइलवरच जगते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेक पॅड वेळेत बदलले तर डिस्क वाचते. हवेचा फिल्टर स्वस्त असतो आणि तो बदलणं घरीही जमतं. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका बहुतेकांनी उघडलेलीच नसते. तिच्यातलं देखभालीचं वेळापत्रक एकदा वाचा आणि पुढच्या तारखा मोबाइलमध्ये टाका.

टायरवर खर्च किती धरावा?

प्रवासी गाडीचे टायर ४०,००० ते ६०,००० किलोमीटर चालतात असं धरून संचाची किंमत किलोमीटरवर वाटून टाका. हवा कमी असली की कडा आधी झिजतात, जास्त असली की मधला भाग. एकाच बाजूची झीज दिसली तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा सस्पेन्शन तपासा. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना बघावी. हव्या त्या दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआड असतो. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

वयही पाहा. बाजूवरच्या संकेतातले शेवटचे चार अंक म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारा टायर कधी कधी काही वर्षं गोदामात पडलेला असतो.

सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरला करावी की बाहेरच्या गॅरेजात?

हमी चालू आहे तोवर हमीच्या अटी पाळा. ती संपल्यावर एक चांगला मेकॅनिक शोधा आणि त्याला धरून राहा. बिलाच्या आधी कामांची यादी मागा, बदललेले जुने पार्ट पाहायला मागा आणि ‘हे केलं नाही तर काय होईल?’ असं विचारा. वेळापत्रकात नसलेली, इंजिन ‘आतून धुण्याची’ वगैरे कामं यादीत दिसली तर कारण विचारल्याशिवाय होकार देऊ नका. ब्रेक, स्टिअरिंग आणि बेल्ट यांत स्वस्त नकली पार्ट कधीही वापरू नयेत. वायपर, बल्ब, फिल्टर यांत चांगल्या दुसऱ्या कंपनीचा माल चालतो.

विम्याचा हप्ता कमी कसा करायचा?

दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा विमा बहुतेक देशांत सक्तीचा असतो, तिथे काटकसर नाही. स्वतःच्या गाडीच्या विम्यात मात्र निवड असते. छोटं नुकसान स्वतः भरायची रक्कम वाढवली की हप्ता उतरतो. ती रक्कम सहज काढता येईल इतकीच ठेवा. बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी क्लेम न केल्याची सवलत किती बुडेल ते पाहा, अनेकदा पदरचे पैसे भरणं स्वस्त पडतं. गाडी जुनी होऊन किंमत इतकी उतरली की उद्या ती गेली तरी घराचं गणित बिघडणार नाही, तेव्हा पूर्ण विमा ठेवायचा का, हा विचार रास्त आहे. गाडीची किंमत मुद्दाम कमी दाखवून हप्ता वाचवणं मात्र अंगाशी येतं, कारण भरपाईही त्याच हिशेबाने मिळते.

सेकंडहँड गाडी घेणं शहाणपणाचं आहे का?

आकड्यांवर पाहिलं तर बहुतेकांसाठी हो. वरच्याच उतरणीप्रमाणे तीन वर्षांची गाडी ६१ ला घेतली आणि पाच वर्षं वापरून २७ ला विकली, तर तोटा ३४. नवी घेऊन पाच वर्षं वापरणाऱ्याचा ५६. मधल्या २२ मधून जादा दुरुस्ती, टायरचा एखादा संच आणि नवी बॅटरी सहज निघते.

पण ही बचत योग्य गाडी मिळाली तरच. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करून पाहा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. मीटरवरचे किलोमीटर कमी आणि पेडलचं रबर, स्टिअरिंग, चालकाची सीट गुळगुळीत झिजलेली असेल तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. कार्पेटखाली गंज, चिखलाचे डाग किंवा कुबट वास आला तर गाडी पाण्यात बुडालेली असण्याची शक्यता आहे, ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. दारं आणि बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का ते बघा. शेवटी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून पैसे देऊन तपासणी करून घ्या.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर आला. आता विकावी का?

तुलना चुकीच्या गोष्टीशी होते आहे. दुरुस्तीची रक्कम गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून उपयोग नाही. या दुरुस्तीने गाडी आणखी किती दिवस चालेल आणि तेवढ्या काळासाठी दुसरी गाडी किती खाईल, हे दोन आकडे पाहिजेत.

गाडीची किंमत २० आणि दुरुस्ती १०, असं धरा. ऐकायला भयंकर वाटतं. पण नवी गाडी पहिल्याच वर्षी नुसत्या घसाऱ्यात १५ खाते, वर व्याज आणि महाग विमा. दुरुस्तीनंतर जुनी गाडी आणखी दोन वर्षं नीट चालणार असेल तर वर्षाला ५ पडले. त्या दोन वर्षांत वाचलेले पैसे पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटला जातात. क्लचप्लेट, सस्पेन्शन, रेडिएटर, बॅटरी, टायर ही दुरुस्ती बहुधा करण्यासारखी असते, कारण ती एकदा केली की बरीच वर्षं बघावं लागत नाही.

थांबायची वेळ वेगळी ओळखू येते. सांगाड्याला गंज चढला असेल, महत्त्वाचे पार्ट मिळेनासे झाले असतील, एक दुरुस्ती झाली की महिन्याभरात दुसरी येत असेल किंवा गाडी वाटेत बंद पडेल म्हणून तुम्ही लांब जायचं टाळू लागला असाल, तर विका. सुरक्षितता हेही बदलण्याचं पुरेसं कारण आहे. एअरबॅग, ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी एबीएस आणि घसरण सावरणारी ईएससी यंत्रणा नसलेल्या गाडीत रोज मुलं बसत असतील, तर तिथे मी खर्चाचा मुद्दा मागे ठेवेन.

विकायचं ठरलं असेल तर मोठी दुरुस्ती करून विकू नका, तिचे पैसे पूर्ण वसूल होत नाहीत. धुऊन, आतून साफ करून आणि नोंदींची फाइल सोबत देऊन विका. ती फाइल पाहून गिऱ्हाईक कमी घासाघीस करतो.

एवढं सगळं नोंदवायचं कसं?

एक वही किंवा मोबाइलमधला एक तक्ता पुरतो. रकाने चारच: तारीख, मीटरवरचे किलोमीटर, कशासाठी, किती. इंधन भरलं, टायर बदलला, टोल दिला, दंड भरला, सगळं त्यातच. वर्षाअखेर एक जादा ओळ लिहा: आपल्याच मॉडेलची, आपल्याच वर्षाची गाडी आज बाजारात कितीला जाते. गेल्या वर्षीच्या आकड्यातून हा वजा केला की त्या वर्षाचा घसारा मिळाला.

दुरुस्तीसाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाका. किती टाकायची ते पहिल्या वर्षाच्या तक्त्यावरून कळेल. कर्ज फिटल्यावर तोच हप्ता आणखी काही वर्षं स्वतःच्या खात्यात भरत राहिलात, तर पुढच्या गाडीला कर्ज खूपच कमी लागेल, कदाचित लागणारही नाही.